वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे जातो

प्रश्न : मी एकवीस वर्षांची आहे. वडोदऱ्यात आमची ही चौथी पिढी. पणजोबा गायकवाड सरकारात कारकून होते. घर दांडिया बाजारात, घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आता इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. प्रोजेक्टच्या सहा जणांत मी एकटी मराठी. बाकीचे गुजरातीत बोलतात. मला शब्दन् शब्द कळतो. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी बोलण्यापुरती गुजराती येते. पण बैठकीत तोंड उघडायचं म्हटलं की घसा बंद. वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये 'चा सारो छे' म्हणून बसले, ते अजून ऐकवतात. एक जण मला नावाऐवजी 'घाटी' म्हणतो. सगळे हसतात, मीही हसते. डब्यात एकदा अंड्याची पोळी होती तर दोघी उठून दुसरीकडे बसल्या. तेव्हापासून आई थेपलेच देते. मागच्या आठवड्यात टाकीच्या प्रोजेक्टला पाण्याची पातळी मोजायला तरंगत्या फ्लोटऐवजी ध्वनिलहरींनी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावू, असं मी पुटपुटले. दोन मिनिटांनी तेच एकानं मोठ्यानं सांगितलं आणि शाबासकी त्याला मिळाली. बाबा म्हणतात, 'आपण लोकांच्या गावात राहतो, जमवून घ्यावं.' पुण्याला गेले की मावसभावंडं माझ्या 'काम पतवून टाक'ला हसतात. बहुतेक माझा स्वभावच भित्रा आहे. पुढच्या मंगळवारी सरांसमोर रिव्ह्यू आहे. काय करू?
— गप्प, दांडिया बाजार

उत्तर :

स्वभावाचं नंतर बघू. आधी घड्याळ बघू, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य वेळेबद्दल आहे : वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

एकानं प्रश्न संपवला आणि दुसऱ्यानं उत्तर सुरू केलं, यात किती वेळ जातो हे जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांत मोजून झालेलं आहे. सरासरी 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आता दुसरा आकडा घे. चित्र दाखवून 'हे काय?' असं विचारलं तर ओळखीच्या वस्तूचं नुसतं नाव ओठांवर यायला 600 मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला 600, आणि अख्खं उत्तर 200 मध्ये सुरू? ते जमतं, कारण समोरचा बोलत असतानाच ऐकणाऱ्यानं आपलं वाक्य मांडायला घेतलेलं असतं. तू मात्र शहाण्या मुलीसारखं पूर्ण ऐकून घेतेस. मग विचार करतेस, बहुधा इंग्रजीत. मग तो गुजरातीत आणतेस. मग 'चा' बाई की बुवा याची तपासणी. मग कोण हसेल याचा अंदाज. यात दोन-तीन सेकंद सहज जातात, आणि सहा जणांच्या टोळक्यात तेवढ्या वेळात दोघं बोलून मोकळे होतात. सगळे थांबतील, शांतता होईल, मग मी बोलेन, अशी तुझी कल्पना असेल तर ती शांतता येत नाही. वडोदऱ्यात तर नाहीच.

म्हणून आधी जागा धरायची, वाक्य मागून येऊ दे. रिक्षात चढताना आपण आधी बसतो, मग 'मांडवी' म्हणतो, तसं. जागा धरायला मोजक्या शब्दांची तयार वाक्यं लागतात, पाढ्यासारखी पाठ, ज्यांना विचार लागत नाही. ही घे : 'एक मिनिट, मारे एक वात कहेवी छे.' 'आमां मने एक वांधो लागे छे.' कुणी मध्येच तोडलं तर 'हुं पूरुं करी लउं?' आणि काही कळलं नसेल तर 'एटले शुं?' एवढी चार पुरेत. ती म्हणून होईपर्यंत तुला दीड-दोन सेकंद मिळतात, आणि ते फुकट मिळतात, कारण आता सगळे तुझ्याकडे बघत थांबलेले असतात. पुढचं वाक्य मोडकं आलं तरी ते ऐकतात. बोलायला लागलेल्या माणसाला लोक थोडा वेळ देतात. नुसत्या बोलू पाहणाऱ्याला देत नाहीत.

कधी घुसायचं? बोलणारा शेवटच्या क्रियापदावर आला की. गुजराती आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'छे', 'जोईशे', 'करीशुं' ऐकू यायला लागलं की वाक्य संपत आलं. तिथे ऐकू जाईल असा श्वास आत घे, हात टेबलावर पुढे आण. ही नाटकं वाटतील, पण बोलू इच्छिणारा माणूस हेच करतो आणि बाकीचे न कळत ते टिपतात. बसायची जागाही बदल. तू बहुतेक बाकाच्या टोकाला बसत असशील. टोकाच्या माणसाकडे कुणाची नजर जात नाही. जो बैठक चालवतो त्याच्या समोर बस. शेजारी नको, कारण शेजारच्याकडे बघायला मान वळवावी लागते आणि तेवढा त्रास कुणी घेत नाही.

आणि पहिल्या दहा मिनिटांत एकदा बोल. काहीही, 'गया वखतनुं सर्किट कोनी पासे छे?' एवढंसुद्धा चालेल. अर्धा तास गप्प बसून मग बोललीस की तुझं बोलणं हीच घटना होते, पाचच्या पाच माना वळतात आणि तुझा घसा पुन्हा बसतो.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिली चूक माफीची : 'सॉरी, मारुं गुजराती बहु सारुं नथी, पण...' हे म्हणालीस की ऐकणारे मुद्दा सोडून तुझी भाषा तपासायला लागतात. तूच त्यांच्या हातात लाल पेन दिलंस. दुसरी चूक आवाजाची, आणि ती आपल्या भाषांत जास्त महाग पडते. लाजणाऱ्या माणसाचा आवाज वाक्याच्या शेवटी विरतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो. आपल्याकडे तो शेवटी बसलेला असतो. 'आ फ्लोट चालशे नहीं' यातलं 'नहीं' गिळलंस तर समोरच्याला 'आ फ्लोट चालशे' ऐकू जातं आणि ते खुशाल फ्लोट लावतात. तेव्हा शेवटचे दोन शब्द मुद्दाम थोडे मोठ्यानं, थोडे सावकाश. तिसरी चूक घाईची. कुणी तोडायच्या आत संपवावं म्हणून तू भराभरा बोलतेस, मग 'हें?' येतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तू मुद्दा अर्धा करून टाकतेस. 'हें?' आलं तर तेच वाक्य, तेच शब्द, निम्म्या वेगानं.

आता त्या चहाचं. मराठीत चहा तो, गुजरातीत चा ती. दोन्ही भाषांत तीन लिंगं, बहुतेक नामांचं जुळतं, म्हणूनच जिथे जुळत नाही तिथे पाय घसरतो. वडोदऱ्यातला प्रत्येक मराठी माणूस असा एकदा तरी घसरलेला असतो. पण यातून एक सोपी पळवाट आहे. गुजरातीत भविष्यकाळात क्रियापदाला लिंग चिकटत नाही : चालशे, तूटशे, जोईशे, लागशे, आपणे करीशुं. साध्या वर्तमानातही, नकार नसेल तर, नाही; चा ऊकळे छे, दूध ऊकळे छे, सगळ्यांना एकच. (उलट मराठीत वर्तमानात लिंग लागतं, उकळतो आणि उकळतं, म्हणून आपल्याला वाटतं तिथेही धोका आहे.) धोका विशेषणात, 'नथी'च्या वर्तमानात आणि भूतकाळात : सारो-सारी-सारुं, नथी गमतो-गमती-गमतुं, गयो-गई-गयुं. प्रोजेक्टच्या बैठकीत तुला बहुतेक वेळा पुढचंच बोलायचं असतं. 'आ फ्लोट सारो नथी' म्हणण्याऐवजी 'फ्लोटमां क्षार जामशे, पछी अटकी जशे, अल्ट्रासॉनिक सेन्सर जोईशे' म्हण. यात चुकायला जागाच नाही. वस्तूंची नावं इंग्रजी, क्रियापद गुजराती. तुझे गुजराती मित्रही असंच बोलत असतील. आणि एखादा शब्द अडलाच तर मराठी टाकून दे. जुन्या शहरात वाढलेल्या गुजराती माणसाला मराठी कळत नाही, असं क्वचित होतं.

सराव रोज दहा मिनिटं, उभं राहून, मोठ्यानं. मनातल्या मनात केलेला सराव मोजायचा नाही. मनात सगळेच वक्ते असतात. ती चार वाक्यं आणि दुसऱ्या दिवशीचा एक मुद्दा फोनवर रेकॉर्ड कर, एकदाच ऐक आणि एकच गोष्ट तपास : शेवटचा शब्द ऐकू येतो का? उच्चार, लिंग, आपला आवाज कसा वाटतो, हे सोड. दहा वेळा ऐकत बसलीस तर सराव बंद पडेल, कारण स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही.

याबरोबर बाजारातला अभ्यास. तुझी गुजराती बाजाराला पुरते म्हणतेस, पण तिथे तू बहुधा मागतेस आणि घेतेस, अडवत नाहीस. पहिल्या आठवड्यात खंडेराव मार्केटात टोमॅटो घेताना पिशवीतला एक नरम काढून 'आ बदली आपो' म्हण. दुसऱ्या आठवड्यात रिक्षावाल्यानं मीटर टाकलं नाही तर चढायच्या आधी सांग. तिसऱ्यात वर्गात एक प्रश्न विचार. अनोळखी माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, कारण तो उद्या भेटत नाही. म्हणून तिथून सुरुवात. टोमॅटोवाला 'शुं बेन, ताजा ज छे' म्हणून चिडेल, आणि मग बदलूनही देईल. कुणी चिडलं तरी आपण तिथेच उभे राहू शकतो, हे आधी पायांना कळावं लागतं.

'घाटी'चं प्रकरण वेगळं आहे. तिथे तुझी गुजराती कमी पडत नाही, तिथे तू हसतेस.

शब्द आधी समजून घे. घाटी म्हणजे घाटावरचा माणूस. मुंबईच्या गुजराती घरांत भांडी-कपड्यांना घाटावरून आलेले गडी असत, त्यामुळे गुजरातीत त्या शब्दाचा अर्थच घरगडी असा झाला. म्हणजे त्यात दोन टोमणे आहेत, एक मुलखाचा आणि एक कामाचा. बरीच मराठी मुलं याला फटकन उत्तर देतात, 'आम्ही कसले घाटी, आम्ही सरकारातले', किंवा 'हे शहरच आमचं होतं'. ही उत्तरं देऊ नकोस. पहिल्यात तू कबूल करतेस की भांडी घासणारा हलका असतोच, फक्त मी ती नव्हे. दुसरं तर इतिहास म्हणूनही चूक. वडोदरं गायकवाडांच्या आधीपासून आहे. आणि राज्य मराठी होतं म्हणजे ते सगळ्यांना मऊ होतं असंही नाही. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून याच संस्थानच्या नोकरीत आले, तर जातीमुळे त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. कमाटी बागेतली संकल्पभूमी त्याचीच खूण आहे. जुनी तलवार काढलीस की समोरचा लगेच म्हणतो, 'राज गयुं तमारुं', आणि तुझ्या नावाचा प्रश्न बाजूला राहून गायकवाडांवर वाद सुरू होतो.

मग काय करायचं? पहिल्यांदा फक्त हसू नको. त्याच्याकडे दोन सेकंद बघ आणि साध्या आवाजात विचार, 'एटले शुं?' चेहरा रागीट नको, खरंच न कळल्यासारखा. विनोद समजावून सांगायला लागला की मरतो. तो 'अरे मस्ती छे' म्हणेल. तिथे सोडून दे. त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, तो एकटा असताना सांग : 'ए शब्द मने नथी गमतो. नामथी बोलाव.' एवढीच दोन वाक्यं. पुढे कारणं जोडू नकोस, कारण प्रत्येक कारण म्हणजे त्याला वाद घालायला दिलेली फट. तो हमखास म्हणेल, 'पण तुं तो हसती हती!' यावर गडबडू नकोस. उत्तर तयार ठेव, 'हा, हसती हती. हवे नथी हसती.' (आता नाही हसत.) दोन वर्षं हसलीस म्हणून आयुष्यभराची परवानगी दिली, असं होत नाही. एकटं गाठायचं ते त्याच्यावर दया म्हणून नाही. चारचौघांत टोकलं की त्याला मागे हटता येत नाही आणि तो आणखी जोरात म्हणतो. त्यानंतरही म्हणाला, तर मात्र सगळ्यांसमोर, मोजक्या शब्दांत : 'में तने एक वार कह्युं छे.'

बाकीचे चार जण तुझ्या बाजूनं बोलतील अशी आशा धरू नकोस, पण त्यांच्यातल्या एकाला आधी सांगून ठेव. 'भांड' म्हणायचं नाही, 'त्या वेळी हसू नकोस' एवढंच मागायचं. एक जण हसला नाही तरी विनोद लंगडा होतो. माणसं भांडायला घाबरतात. न हसायला फारसं कुणी घाबरत नाही.

सेन्सरची कल्पना गेली, ती चोरी होती की नाही हे आम्हाला इथून सांगता येणार नाही. पुटपुटलेलं वाक्य लोक अर्धवट ऐकतात आणि दोन मिनिटांनी ते त्यांना स्वतःलाच सुचल्यासारखं वाटतं. हे खरोखर होतं. पुढे होऊ नये म्हणून बैठकीच्या आधी ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या, काय आणि का. 'फ्लोटऐवजी अल्ट्रासॉनिक. कारण बोअरच्या पाण्याचा क्षार जमून फ्लोट अडकतो.' तिथे वेळ आणि नाव आपोआप छापलं जातं. हे इंग्रजीत लिही. लिहिताना तुला पाहिजे तेवढा वेळ आहे, तिथे 200 मिलिसेकंदांची शर्यत नाही. आणि तरी कुणी उचललंच, तर 'ती माझी कल्पना होती' असं रडू नकोस, ते कुणाला ऐकायला आवडत नाही. ती पुढे ने : 'हा, में सवारे ए ज लख्युं हतुं. एमां वॉटरप्रूफ सेन्सर जोईशे, नहीं तो वराळथी टीपां जामशे.' पहिल्या वाक्यात हक्क, दुसऱ्यात नवा मुद्दा. टाकीच्या झाकणाखाली वाफ थंड होऊन सेन्सरच्या तोंडावर थेंब धरतात आणि माप चुकतं, हे ज्याला माहीत आहे तोच मूळ मालक, हे सर न सांगता ओळखतात. बैठकीचा वृत्तांत लिहायचं काम कुणी तुझ्याकडे ढकललं तर एकदा घे, मग पाळी लाव. नाहीतर वर्षभर तू लिहीत बसशील आणि ते बोलत बसतील.

डब्याचं थोडक्यात. उकडलेलं किंवा तळलेलं अंडं बंद डब्यात तीन-चार तास राहिलं की उघडताना गंधकाचा वास येतो, तो तुझ्या मराठीपणाचा नाही. खिडकीशी बसून खा, डबा आधी उघडून ठेव. त्या दोघींना 'मी इथे खाल्लं तर चालेल?' असं विचारू नकोस. 'मी अंडं आणलंय, तुम्हाला वास नको असेल तर मी त्या टोकाला बसते' असं सांग. जागा बदलायची तयारी दाखवायची, खाण्याची परवानगी मागायची नाही. त्या त्यांच्या घरच्या सवयीनं उठल्या असतील, त्याचा प्रत्येक वेळी अपमान करून घेऊ नकोस. आणि थेपले तुला आवडत असतील तर खा बापडी. फक्त ते आईनं घाबरून दिलेले नसावेत.

आता घर. बाबांचं 'लोकांचं गाव' कुठून आलं ते आजीला विचार. 1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, 1 मे 1960 ला गुजरात झालं. ज्या घराची चूल सरकारच्या नोकरीवर पेटत होती, त्या घरात 'आता डोळ्यांवर यायचं नाही' ही शिकवण तेव्हा शहाणपणाची वाटली असेल. पण पणजोबांना उपयोगी पडलेली छत्री तू उन्हातही उघडून बसली आहेस. बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना एवढंच विचार की चौथ्या पिढीतही हे लोकांचं गाव असेल तर आपलं कधी होणार? तिसरे सयाजीराव तरी कुठले इथले? 1863 चा जन्म, मालेगावजवळच्या कवळाण्याचा. 1875 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे, अक्षरओळखही नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, चारही लिहायला-वाचायला त्यांना त्यानंतर शिकाव्या लागल्या. 'चा सारो छे' त्यांच्याही तोंडून गेलं असेल, फक्त हसायची कुणाची टाप नव्हती.

आणखी एक, जरा कडू. तुमच्या घरात दार लावून गुजरात्यांबद्दल काय बोललं जातं? 'यांना पैशाशिवाय काही सुचत नाही', 'वरणात साखर घालणारे'? बऱ्याच घरांत बोलतात. बाहेर गोड आणि आत कडवट राहायची सवय लागली की बाहेर मोकळं बोलताच येत नाही, कारण आतलं काही निसटेल ही भीती असते. तुझ्या घरी तसं असेल तर निदान तू त्यात भर घालू नकोस.

पुण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. 'पतवणे' हे गुजराती 'पताववुं'चं वडोदरी मराठी रूप आहे, आणि एका शब्दात 'एकदाचं उरकून मोकळं होणे' सांगणारा इतका नेमका शब्द पुण्याकडे नाही. मावसभावंडांना 'तू नवरी आहेस का?' असा गुजराती प्रश्न विचारून बघ. इथे त्याचा अर्थ 'रिकामी आहेस का' एवढाच. तिथे बायका लाजतील. दोन भाषांच्या मध्ये उभं राहिल्यावर अशा गंमती फक्त आपल्यालाच दिसतात.

एवढं करूनही 'घाटी' थांबलं नाही, किंवा तुला कामातून वगळायला लागले, तर रीतसर वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 साली दुरुस्ती झाली. भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण यांवरून एखाद्या विद्यार्थ्याला मानसिक त्रास देणं, दादागिरी करणं, वाळीत टाकणं हेसुद्धा आता रॅगिंग आहे. रॅगिंग फक्त सीनियर करतात, ही समजूत चुकीची. देशभरची हेल्पलाइन 1800-180-5522. पण हे जड हत्यार आहे; तिथे तक्रार गेली की कॉलेजला हालचाल करावीच लागते, म्हणून पहिल्या 'घाटी'ला ते उगारू नकोस. त्याआधी 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

तक्रार अर्ध्या पानाची हवी. तारीख, जागा, नेमके शब्द जसेच्या तसे गुजरातीत, तिथे कोण कोण होतं, तू आधी कधी आणि कसं सांगितलंस, आणि तुला काय हवं. शेवटचं बहुतेक जण विसरतात. 'न्याय मिळावा' असं लिहिलं की समिती दोघांचा शेकहँड करून पाठवून देते. 'त्यानं हा शब्द वापरणं बंद करावं आणि गरज पडल्यास माझा ग्रुप बदलून मिळावा' असं लिही. म्हणून आजपासून वहीच्या मागच्या पानावर तारखा टिपायला लाग. तक्रार करायची नसली तरी. संविधानाचं 29 वं कलम भाषा जपण्याचा हक्क देतं आणि सरकारी किंवा अनुदानित संस्थेत भाषेवरून प्रवेश नाकारू देत नाही. ते मोठं आहे, पण कॅन्टीनच्या टेबलावर मित्रांना कलमं ऐकवू नयेत. तिथे हशा होतो.

भित्र्या स्वभावाबद्दल शेवटी. बोलायच्या आधी छातीत धडधडणं, हात गार पडणं हे नेहमीचं आहे, तोंड उघडल्यावर मिनिटभरात उतरतं. पण तोंडी परीक्षा चुकवावीशी वाटणं, कॉलेजला जायच्या आदल्या रात्री झोप उडणं, मराठी घोळक्यातही बोलता न येणं, हे सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल तर तो भाषेचा प्रश्न राहत नाही. कॉलेजच्या समुपदेशकाला भेट, किंवा 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि भाषा निवडता येते.

आता मंगळवार. तुझा भाग कोणता हे सोमवारी दुपारपर्यंत ठरवून घे, आणि तो सेन्सरचाच माग. 'सेन्सरनो भाग हुं बोलीश' असं ग्रुपवर लिही, विचारू नकोस. सोमवारी रात्री दोन ओळी टाक : क्षारामुळे फ्लोट का अडकतो, वॉटरप्रूफ सेन्सर का लागेल. तीनदा उभ्यानं म्हण, एकदा रेकॉर्ड. मंगळवारी पाच मिनिटं आधी जा आणि सरांच्या समोरची खुर्ची धर. पहिलं वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, फक्त पहिलं. अख्खं लिहिलंस तर वाचायला लागशील आणि मान वर येणार नाही. सरांनी विचारलेला प्रश्न कळला नाही तर 'सर, एटले शुं?' असं विचार किंवा सरळ इंग्रजीत. उत्तर येत नसेल तर 'आ हुं चेक करीने काले कहीश', आणि बुधवारी खरंच सांग. एखाद्यानं मध्येच तुझा भाग उचलला तर तोंडात आलेलं वाक्य गिळू नकोस. 'हुं पूरुं करी लउं?' म्हण आणि उत्तराची वाट न बघता पुढे चालू ठेव.

रिव्ह्यू झाल्यावर सगळे कॅन्टीनला जातील. तूही जा, आणि चहा तूच मागव.